विळा-कणीस, चेलो आणि दादा

बीड जिल्ह्याने लोकसभेत दोनदा कम्युनिस्ट खासदार पाठवला, हे आजच्या मुलांना सांगितलं तर ती माझ्याकडे संशयाने बघतात. पण खरं आहे. १९६७ साली क्रांतिसिंह नाना पाटील इथून विळा-कणसाच्या चिन्हावर निवडून आले. पुढे १९७७ साली मार्क्सवादी पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे. पत्री सरकारवाले नाना सातारा-सांगलीकडचे, पण आमच्या मराठवाड्याने त्यांना परकं मानलं नाही. अस्सल गावरान बोलीतलं भाषण, आणि निजामाच्या राज्यातून सुटून जेमतेम एकोणीस वर्षं झालेला मुलूख. लढणाऱ्या माणसाची किंमत इथल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांना शिकवावी लागत नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, मथळ्यात चेलो लिहून बाई निवडणुकीचं काय सांगत बसल्या? सांगते. कपिलधारसारख्या ठिकाणी, जिथे कार्तिकी पौर्णिमेला मन्मथस्वामींच्या यात्रेत टाळ, मृदंग आणि वीणा एवढंच संगीत कानावर पडायचं, तिथे एका घरात रशियन चेलो आणि पियानोच्या तबकड्या कशा पोचल्या, त्याचं उत्तर त्या निवडणुकीत आहे.

माझा थोरला भाऊ, दादा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. १९६७ ला नानांच्या प्रचारात सायकलवर फिरला. पुढे पक्षाचं काम अंगाला चिकटलं ते कायमचं. त्याच्यामुळे घरात सोव्हिएत संघातून आलेला कागद यायला लागला. 'सोव्हिएत देश' हे गुळगुळीत पानांचं नियतकालिक मराठीत निघायचं, आणि आमच्या पिढीच्या निम्म्या वह्यांना त्याच पानांची कव्हरं होती. (वाचणाऱ्यांतल्या साठीपुढच्यांनी मान डोलावली असणार!) गॉर्कीची 'आई', मॉस्कोत छापलेली मुलांची जाड पुठ्ठ्याची पुस्तकं, गणिताची, भौतिकशास्त्राची पुस्तकं. मुंबईच्या लोकवाङ्मय गृहाकडून ही पुस्तकं गावोगावच्या प्रदर्शनांत येत. मॉस्को रेडिओ मराठीतूनही बोलायचा. अण्णा भाऊ साठे १९६१ साली रशियाला जाऊन आले, त्यांचा 'माझा रशियाचा प्रवास' दादाने मला शाळेत असतानाच वाचायला लावला.

अशाच एका प्रदर्शनात, औरंगाबादला (आजचं छत्रपती संभाजीनगर), मी बी.ए.ला असताना, म्हणजे १९७२-७३ च्या सुमाराला, दादाने पुस्तकांबरोबर चार तबकड्या घेतल्या. मेलोदिया कंपनीच्या. ही सोव्हिएत संघाची सरकारी रेकॉर्ड कंपनी, १९६४ साली देशभरचे कारखाने आणि स्टुडिओ एकत्र करून काढलेली. परदेशी विक्री दुसऱ्याच एका सरकारी खात्याकडे, जे पुस्तकंही पाठवायचं. म्हणूनच पुस्तकांच्या प्रदर्शनात तबकड्या मिळत. आपल्याकडच्या एचएमव्हीच्या मोठ्या तबकडीपेक्षा बऱ्याच स्वस्त. दादाला संगीतातलं काही कळत होतं म्हणून नव्हे, स्वस्त होत्या आणि रशियन होत्या म्हणून घेतल्या. एचएमव्हीचा फिएस्टा प्लेअर एका मित्राकडून आणला, सेलवर चालणारा. चारातल्या दोन तबकड्या लष्करी गाण्यांच्या निघाल्या. त्या दादाने वाजवून वाजवून झिजवल्या. उरलेल्या दोन चेलो आणि पियानोच्या. त्या त्याने एकदा ऐकल्या आणि माझ्याकडे दिल्या. "हे काही मला झेपत नाही, तू बघ."

चेलो म्हणजे काय, हे माझ्या भाच्या-पुतण्यांसाठी थोडक्यात. व्हायोलिनचा थोरला भाऊ. खुर्चीवर बसून, दोन गुडघ्यांमध्ये धरून, खालची टोकदार दांडी जमिनीवर टेकवून गजाने वाजवतात. चार तारा, प्रत्येक तार आधीच्या तारेच्या पंचमात. पडदे नाहीत, म्हणून मींड मनसोक्त घेता येते. सारंगीसारख्या तरफा मात्र नाहीत. सगळ्यात जाड तार खर्जात बोलते आणि बारीक तार थेट माणसासारखी गाते. आपण सगळ्यांनी हे वाद्य ऐकलेलं आहे, फक्त नाव माहीत नसतं. हिंदी सिनेमातल्या गाण्यांत मागे जो जाड, गहिरा तंतुवाद्यांचा आवाज असतो, त्यात चेलो असतो. आर. डी. बर्मन यांचे सहायक बासू चक्रवर्ती मुळात चेलोवादकच. आणि मुंबईच्या सिनेमात ही विद्या आणली मुख्यतः गोव्याच्या वादकांनी. त्यातल्या अँथनी गोन्साल्विस यांचं नाव शिष्य प्यारेलालांमुळे १९७७ च्या एका गाण्यात गेलं आणि अजरामर झालं. असो, विषयांतर झालं.

पियानोचं उलट आहे. प्रत्येक स्वर आपल्या जागी ठाम, दोन स्वरांच्या मधली जागा त्याला नाहीच. आपल्या पेटीची अडचण तीच. (त्याच कारणावरून ऑल इंडिया रेडिओने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती तीन दशकं टिकली!) तेव्हा चेलो आणि पियानो एकत्र म्हणजे एक मींड घेणारा आणि एक मींड न घेता येणारा, अशा दोघांचं बोलणं. आपल्या मैफलीत सारंगी किंवा पेटी साथीला असते, मुख्य गाणाऱ्याच्या मागे. रशियन लोकांच्या या सोनाटांमध्ये मात्र दोघे बरोबरीचे. राखमानिनोव्ह तर आपल्या १९०१ च्या सोनाटाबद्दल हे मुद्दाम सांगायचा, की हा चेलोचा सोनाटा आणि पियानोची साथ असा प्रकार नाही. त्यामागेही एक कथा आहे. १८९७ साली त्याची पहिली सिंफनी साफ पडली, तो मनाने खचला, जवळजवळ तीन वर्षं त्याच्याकडून धड काही लिहून झालं नाही. डॉक्टर दाल यांच्या उपचारांनी सावरला, आणि मग दुसरा पियानो कॉन्चेर्टो आणि त्यामागोमाग हा सोनाटा. हा ऐकताना मला आजारातून उठलेल्या माणसाची भूक आठवते.

पण माझ्या दोन तबकड्या राखमानिनोव्हच्या नव्हत्या. एक शोस्ताकोविचच्या सोनाटाची, एक प्रोकोफिएव्हच्या. दोन्हींवर चेलो वाजवणारा एकच, म्स्तिस्लाव्ह रोस्त्रोपोविच. पहिल्या तबकडीवर पियानोला स्वतः शोस्ताकोविच, दुसरीवर स्व्यातोस्लाव्ह रिख्टर. आवरणावर इंग्रजीत कौतुकाचे चार शब्द होते. सोव्हिएत संगीताची थोर परंपरा, मानवतावाद, वगैरे. मी शब्दकोश घेऊन ते वाचलं होतं. त्या चार ओळींत काय लिहिलं नव्हतं ते कळायला मला वीस-पंचवीस वर्षं लागली. पुस्तकं मिळत गेली तसतसं एकेक कळत गेलं, आणि मी इतिहास शिकवणारी बाई असल्यामुळे तारखा जुळवत बसले.

शोस्ताकोविचचा सोनाटा १९३४ चा. तेव्हा तो सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा होता. विक्टर कुबात्स्की या चेलोवादकासाठी लिहिला आणि त्या वर्षी २५ डिसेंबरला लेनिनग्राडला पहिल्यांदा वाजला. जानेवारी १९३६ मध्ये याच कुबात्स्कीबरोबर शोस्ताकोविच कार्यक्रमासाठी उत्तरेला अर्खांगेल्स्कला गेला होता. निघायच्या आदल्या दिवसांत स्तालिन त्याचा 'लेडी मॅकबेथ' हा ऑपेरा बघायला आला आणि शेवटापर्यंत न थांबता उठून गेला. २८ जानेवारीला, अर्खांगेल्स्कला असतानाच, शोस्ताकोविचने 'प्रावदा'चा अंक घेतला. त्यात त्याच्यावर एक निनावी लेख होता. मथळ्याचा अर्थ: संगीताऐवजी गोंधळ.

(आपल्याकडे गोंधळ हेही संगीतच, आणि चांगलं रात्रभर चालणारं. पण ते मॉस्कोवाल्यांना कुठलं माहीत!)

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट मात्र नव्हती. ते साल १९३६. असे लेख ज्यांच्यावर आले त्यांतल्या कित्येकांच्या दारावर पुढे रात्री थाप पडली. शोस्ताकोविच वाचला. पण त्यानंतरची अनेक वर्षं तो ती थाप ऐकण्याच्या तयारीत जगला. आता पन्नासच्या दशकात त्याने स्वतः पियानोवर बसून रोस्त्रोपोविचबरोबर केलेलं ते रेकॉर्डिंग ऐका. तिसरा भाग विलंबित. चेलो खाली, एकटा, जणू मोठ्या रिकाम्या वाड्यात कुणी बोलतंय. पियानो फार थोडं बोलतो. बी.ए.ला असताना मला वाटायचं की ही बर्फाची शांतता असेल. रशिया म्हणजे बर्फ, एवढंच आपलं ज्ञान. आज वाटतं, हे लिहिलं तेव्हा तर तो लेख यायचा होता. म्हणजे भीती नंतरची आणि सूर आधीचा. पण वाजवताना त्याच्या बोटांना नंतरचंही सगळं माहीत होतं. तबकडीवर हे दोन्ही काळ एकावर एक बसलेले आहेत. इतिहासाच्या पुस्तकात असं करता येत नाही.

प्रोकोफिएव्हची गोष्ट याहून कडू. क्रांतीनंतर तो देश सोडून गेला होता, अमेरिका-पॅरिस करत राहिला आणि १९३६ साली बायको-मुलांसह मॉस्कोत कायमचा परतला. स्वतःच्या इच्छेने. १० फेब्रुवारी १९४८ ला पक्षाच्या मध्यवर्ती समितीने ठराव काढला. त्यात प्रोकोफिएव्ह, शोस्ताकोविच, खाचातुर्यान, म्यास्कोव्स्की अशांची नावं घेऊन सांगितलं, की यांचं संगीत जनतेला परकं आहे. कार्यक्रमांतून त्यांच्या रचना निघाल्या. शोस्ताकोविचची प्राध्यापकी गेली. आणि त्या ठरावानंतर दहा दिवसांनी, २० फेब्रुवारीला, प्रोकोफिएव्हची पहिली बायको लीना हिला हेरगिरीच्या आरोपाखाली अटक झाली. तो तेव्हा तिच्यापासून वेगळा राहत होता आणि नुकतंच त्याने दुसरं लग्न केलं होतं, पण त्याच्या दोन मुलांची ती आई. वीस वर्षांची शिक्षा झाली. आठ वर्षं ती छावण्यांत होती, १९५६ साली सुटली. तोवर प्रोकोफिएव्ह जिवंत नव्हता.

तेच १९४८ साल. आपल्याकडे १७ सप्टेंबरला निजामाचं राज्य संपलं आणि मराठवाड्याने मोकळा श्वास घेतला. आमच्या वडिलांच्या तोंडी ते वर्ष म्हणजे उजेडाचं वर्ष. एकाच सालाला दोन मुलखांत किती वेगवेगळे रंग असतात. वर्गात मी हे सांगायची तेव्हा मुलं गप्प व्हायची. (आणि मग कुणीतरी विचारायचा, "बाई, हे परीक्षेला आहे का?")

अशा दिवसांत एका विशी-बाविशीतल्या पोराने म्यास्कोव्स्कीचा चेलो सोनाटा वाजवला आणि तो प्रोकोफिएव्हने ऐकला. पोरगा म्हणजे रोस्त्रोपोविच, १९२७ साली बाकूला जन्मलेला. प्रोकोफिएव्ह आजारी, डॉक्टरांनी कामाचे तासही ठरवून दिलेले. तरी त्याने या मुलासाठी १९४९ साली सोनाटा लिहिला. पण लिहिला म्हणून वाजवता येत नव्हता. आधी संगीतकारांच्या संघासमोर तो वाजवून दाखवावा लागला. सुरांमध्ये जनतेविरुद्ध काही आहे का, ते तपासायला मंडळी बसली! रिख्टरनेच पुढे हे सांगितलं आहे. पास झाला. १ मार्च १९५० ला मॉस्कोच्या कॉन्झर्व्हेटरीच्या छोट्या सभागृहात रोस्त्रोपोविच आणि रिख्टर यांनी तो लोकांसमोर वाजवला.

सुरुवात ऐकण्यासारखी आहे. पियानो गप्प. चेलो एकटा आणि तोही खर्जात, सगळ्यात जाड तारेवर. आपल्याकडे पहाटे खर्जाची मेहनत करणाऱ्या गवयाने स्वर लावावा तसा. पुढे सगळं उजळत जातं, मधला भाग तर चक्क खेळकर आहे, लहान मुलांनी लंगडी घालावी असा. घाबरलेल्या माणसाने वरिष्ठांना खूश करायला लिहिलेलं संगीत म्हणून हा सोनाटा हिणवणारेही आहेत. मला ते पटत नाही. खूश करायला लिहिलेलं बरंच संगीत त्या काळी निघालं, दादाच्या लष्करी तबकड्या त्यातल्याच. त्यात आणि यात फरक आहे, तो दादाच्याही कानाला कळला होता. झेपत नाही, असं तो म्हणाला ते उगीच नाही.

प्रोकोफिएव्ह गेला ५ मार्च १९५३ ला. त्याच दिवशी स्तालिनही गेला. मॉस्को अशी गर्दीने भरली की प्रोकोफिएव्हची शवपेटी घराबाहेर काढणं मुश्किल झालं, आणि फुलं मिळेनात, कारण ती सगळी दुसरीकडे गेली होती. रिख्टरला तर स्तालिनच्या अंत्यविधीत वाजवण्यासाठी त्बिलिसीहून विमानाने उचलून आणलं.

आता रोस्त्रोपोविच. हा माणूस सोव्हिएत संघाचा लाडका होता. बक्षिसं, परदेश दौरे, सगळं होतं. बायको गालिना विश्नेव्स्काया बोल्शोई थिएटरची मोठी गायिका. १९६९ साली त्याने सोल्झेनित्सिनला राहायला जागा दिली, गावाबाहेरच्या आपल्या घरात. १९७० साली सोल्झेनित्सिनला नोबेल मिळालं आणि वर्तमानपत्रं त्याच्यावर तुटून पडली, तेव्हा रोस्त्रोपोविचने 'प्रावदा'सह चार संपादकांना एक खुलं पत्र पाठवलं. तिथे कुणीच ते छापलं नाही. १९४८ ला ज्यांच्या संगीताला नावं ठेवली त्यांचंच आज कौतुक करता, मग काळाने काही शिकवलं नाही का, असा त्याचा आशय. पत्र पाठवणाऱ्याला काय होणार हे माहीत होतं. परदेश दौरे बंद. मोठ्या शहरांतले कार्यक्रम बंद. मे १९७४ मध्ये त्याने देश सोडला. नंतर सूचीपत्रांतून, रेडिओवरून त्याचं नाव गाळलं गेलं. मार्च १९७८ मध्ये नवरा-बायको दोघांचं नागरिकत्व काढून घेतलं.

ती बातमी मी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर वाचली, चार ओळींची. तोवर मी शाळेत लागले होते. कात्रण घेऊन दादाकडे गेले. दादाने वाचलं, चष्मा काढला, पुसला.

"अगं, भांडवलदारांच्या वृत्तसंस्था. त्यांचं काय खरं धरायचं."

"मग 'सोव्हिएत देश'मध्ये त्याचं नाव का नाही येत आता? पूर्वी यायचं."

"वादक काय एकच आहे का तिथे?"

मी म्हटलं, "दादा, आपल्याकडे दोन वर्षांपूर्वी किशोरकुमार रेडिओवरून गायब झाला तेव्हा तूच म्हणाला होतास ना, की हे काही बरं नाही?"

हे मी बोलायला नको होतं असं नाही, पण ते त्याला लागलं. कारण आणीबाणीत त्याच्या पक्षाने सरकारला पाठिंबा दिला होता. सरकारी कार्यक्रमात गायला नकार दिला म्हणून मे १९७६ पासून किशोरकुमारची गाणी आकाशवाणीवर बंद होती. दुर्गाबाई भागवत डिसेंबर १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून जे बोलायचं ते बोलल्या आणि पुढच्या वर्षी तुरुंगात गेल्या. दादा दुर्गाबाईंचा वाचक. तेव्हा तो पक्षाच्या बैठकीला जाऊन येऊन ओट्यावर नुसता बसून राहायचा. ७७ ला बुरांडे निवडून आले, दुसऱ्या कम्युनिस्ट पक्षाचे, आणीबाणीला विरोध केलेले. बीडच्या लोकांनी लाल रंग नाकारला नव्हता, फक्त त्यातला निवडून घेतला होता. हे सगळं दादाला कळत होतं. त्या दिवशी तो माझ्याशी पुढे बोलला नाही. रागाने नव्हे. त्याच्या जवळ शब्द नव्हते, आणि घरचं माणूस म्हणून मलाही त्याला कोपऱ्यात गाठायचं नव्हतं. अकरा-बारा वर्षं तो विषय आमच्यात निघालाच नाही. तबकड्या माझ्या कपाटात होत्या. मॉस्कोत खोडलेलं नाव कपिलधारला लोखंडी कपाटात व्यवस्थित छापलेलं होतं. विकली गेलेली तबकडी कुणाला परत मागवता येत नाही.

नोव्हेंबर १९८९. बर्लिनची भिंत पडली आणि दोन दिवसांनी एक टक्कल पडलेला गृहस्थ भिंतीपाशी साध्या खुर्चीवर बसून चेलो वाजवतोय, असा फोटो जगभर छापला गेला. दादाने तो पेपरातून कापला आणि एका रविवारी माझ्याकडे घेऊन आला. चहा झाला, शेतीचं बोलणं झालं. मग खिशातून कात्रण काढून माझ्यासमोर ठेवलं.

"तुझा तो. वाजवतोय अजून."

एवढंच. पुढे जानेवारी १९९० मध्ये गोर्बाचेव्हच्या काळात त्याचं नागरिकत्व परत मिळालं आणि पुढच्याच महिन्यात तो वॉशिंग्टनचा वाद्यवृंद घेऊन मॉस्कोला गेला. डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघच उरला नाही. 'सोव्हिएत देश' यायचं थांबलं, पुस्तकांची गाडी थांबली. दादाने शेवटपर्यंत पक्ष सोडला नाही. तो २००३ साली गेला. रोस्त्रोपोविच २००७ च्या एप्रिलमध्ये. मेलोदिया कंपनी २०२० साली लिलावात खासगी मालकाकडे गेली.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली, ती आपल्या महाराष्ट्रातलीच. मुंबईला नरिमन पॉइंटच्या एनसीपीएत २००६ साली सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला. तो उभा करणारे दोघे, खुश्रू सनतूक आणि मॉस्कोत शिकलेले कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह. सोव्हिएत संघ मोडल्यावर तिथले वादक जगभर पांगले, त्यातली ही एक वाट मुंबईला आली. तिथल्या संगीत शाळेत आपली मुलं रशियन पद्धतीने व्हायोलिन, चेलो शिकतात. आमची पुण्याची सून मागे मला तिथे एका कार्यक्रमाला घेऊन गेली. इतक्या वर्षांनी चेलो डोळ्यांनी पाहिला! मला सगळ्यात नवल वाटलं ते श्वासाचं. वाजवणारा गज ओढण्याआधी श्वास घेतो, तो ऐकू येतो. घरी आल्यावर तबकडी लावली तर तिच्यातही तो श्वास आहे, मी इतकी वर्षं त्याला खरखर समजत होते.

ज्यांनी यातलं काहीच ऐकलेलं नाही त्यांनी एकदम प्रोकोफिएव्हला हात घालू नये. आधी राखमानिनोव्हचं 'वोकलीज' ऐका, चेलोवर वाजवलेलं. मुळात ते शब्दांशिवाय गायचं गाणं, नुसत्या आकारातलं, १९१५ च्या सुमाराचं. आपल्या कानाला ते लगेच रुचतं, पाच-सहा मिनिटांत संपतं. मग त्याच्या सोनाटाचा तिसरा भाग. मग शोस्ताकोविच. दानिल शाफ्रान नावाचा लेनिनग्राडचा आणखी एक चेलोवादक होता, त्याचाही शोस्ताकोविचबरोबरचा हाच सोनाटा १९४६ चा आहे. दोन्ही लागोपाठ ऐकले तर मजा येते. शाफ्रान गाणाऱ्याच्या अंगाने जातो, रोस्त्रोपोविच बोलणाऱ्याच्या. नातू म्हणतो, आजी, हे सगळं मोबाइलवर फुकट मिळतं. मिळतं खरं. रात्री, जेवणं झाल्यावर, धबधब्याचा आवाज पावसाळ्यात इथवर येत असतो तेव्हा मात्र लावू नका. चेलोच्या खर्जात आणि त्या आवाजात भांडण होतं, आणि धबधबा जिंकतो.